मुका मार, चोळणे आणि मांसात वाढणारे हाड



गळीत हंगाम सुरू झाला की फडापासून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत सगळीकडे घाई असते. या घाईत पडणे-झडणे, मार लागणे हे ठरलेलेच. कुणी उसाच्या भरल्या गाडीवरून घसरतो, कुणाच्या मांडीला बैलाची लाथ बसते, कुणाचे पोर चिंचेवरून खाली येते. रक्त आले तर आपण लगेच धावपळ करतो. पण रक्त नाही, नुसती सूज आहे, असे दिसले की घरातली वडीलधारी माणसे सांगतात, "मुका मार आहे. तेल लावून चांगले चोळा, म्हणजे उतरेल."

सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण या एका सल्ल्यामुळे दरवर्षी आपल्या खेड्यापाड्यांत कितीतरी मुलांचे कोपर कायमचे आखडते. कारण मार लागलेल्या जागी, विशेषतः कोपराच्या पुढच्या बाजूला, चोळत राहिले तर मांसामध्ये चक्क हाड तयार होऊ शकते. ऐकायला हे नवल वाटेल. पण हाडांच्या डॉक्टरांना विचारा, त्यांना हे रोजच्या ओळखीचे दुखणे आहे. मांसात हाड कसे वाढते, का वाढते आणि ते टाळणे आपल्या हातात कसे आहे, हे या पाठात समजून घेऊ.

१. हाड म्हणजे दगड नव्हे

हाड म्हटले की आपल्यापुढे रानात पडलेले कोरडे, पांढरे हाड येते. जिवंत माणसाच्या अंगातले हाड तसे नसते. त्यात रक्त खेळते, त्याला पेशी असतात, त्याची रोज थोडी मोडतोड आणि थोडी डागडुजी चाललेली असते. एका जातीच्या पेशी हाड घडवतात, दुसऱ्या जातीच्या पेशी जुने हाड खाऊन टाकतात. हाडावर पापुद्र्यासारखे एक पातळ आवरण असते. त्यातही हाड घडवणाऱ्या पेशी दबा धरून बसलेल्या असतात.

हाड मोडले म्हणजे काय होते? मोडलेल्या जागी रक्त साकळते. त्या साकळलेल्या रक्तात हळूहळू नव्या पेशी शिरतात, आधी मऊ सांधा तयार होतो, मग त्यात चुन्याचे क्षार बसतात आणि तो कडक होतो. लहान मुलांत हे काम तीन-चार आठवड्यांत बरेचसे उरकते, मोठ्या माणसांना जास्त वेळ लागतो. डॉक्टर हाड "जोडत" नाहीत. ते तुकडे जागेवर आणून धरून ठेवतात, जोडण्याचे काम शरीरच करते.

आता प्रश्न असा की हे हाड घडवण्याचे काम हाडापुरतेच का राहते? मांसात का होत नाही? याचे उत्तर असे की मांसातही तशी ताकद असलेल्या पेशी असतात, पण त्या झोपलेल्या असतात. त्यांना जाग आणणारा निरोप मिळाला तर त्या हाड घडवू शकतात.

ही गोष्ट अमेरिकेतील मार्शल युरिस्ट या शल्यचिकित्सकाने १९६५ साली दाखवून दिली. त्यांनी हाडातील चुन्याचे क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेला मऊ भाग सशांच्या, उंदरांच्या मांसात ठेवला. काही आठवड्यांनी पाहतात तो काय, त्या मांसात नवे हाड तयार झालेले! याचा अर्थ, हाडामध्येच असा काही पदार्थ असतो जो शेजारच्या पेशींना "हाड घडवा" असा हुकूम देतो. पुढे या पदार्थांना "बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन", थोडक्यात बीएमपी, असे नाव पडले. जमिनीत गवताचे बी असतेच, ओल मिळाली की उगवते. तसाच हा प्रकार. मांसात बी आहे, मार आणि रक्तस्राव ही त्याची ओल आहे.

२. कोपरच का?

अंगावर कुठेही मुका मार लागू शकतो. मग हाड वाढण्याची तक्रार कोपरालाच इतकी का, हे समजण्यासाठी कोपराची ठेवण पाहावी लागेल.

कोपराच्या सांध्यात तीन हाडे एकत्र येतात. एक दंडाचे आणि दोन हाताच्या पुढच्या भागाची. दंडावर जी बेटकुळी आपण फुगवून दाखवतो, तिच्या खाली आणखी एक स्नायू असतो. तो हाडाला आणि सांध्याच्या पिशवीला अगदी चिकटून जातो. त्याला ब्रेकिॲलिस म्हणतात. मूल हात टेकून पडले आणि कोपर मागे निखळले, किंवा दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडले, म्हणजे हाच स्नायू पुढच्या बाजूला ताणला जातो, फाटतो. हाडावरचा पापुद्रा सोलला जातो. मोडलेल्या हाडातले आणि फाटलेल्या स्नायूतले रक्त त्याच जागी साकळते. म्हणजे बी, ओल आणि ऊब, सगळे एका ठिकाणी आले.

तरीसुद्धा हात नीट आधार देऊन स्वस्थ ठेवला, तर बहुतेक वेळा हे रक्त विरून जाते, स्नायू भरून येतो आणि काही बिघडत नाही. बिघडते ते पुढच्या कारभाराने.

३. चोळण्याने आत काय होते?

समजा, सात वर्षांचा मुलगा बांधावरून पडला. कोपर टम्म सुजले. घरच्यांना वाटले लचक भरली. आजीने एरंडेल कोमट केले आणि संध्याकाळी चोळून दिले. पोर गुरासारखे ओरडले. दुसऱ्या दिवशी सूज आणखी वाढली, म्हणून जाणत्या माणसाकडे नेले. त्याने हात ओढला, वाकवला, पुन्हा चोळला आणि कामट्या लावून आवळून बांधला. आठ-पंधरा दिवस असाच रतीब चालला.

बाहेरून हे औषध दिसते. आत काय चालले आहे? आदल्या दिवशी जे फाटले ते रात्रीत सांधू लागलेले असते. चोळल्याबरोबर ते पुन्हा फाटते. पुन्हा रक्त येते, पुन्हा साकळते. सोललेला पापुद्रा आणखी सोलला जातो. लावलेले रोप रोज उपटून मूळ धरले का पाहावे, तसा हा प्रकार. फरक इतकाच की रोप मरते, आणि इथे मात्र नको ते उगवते. प्रत्येक रक्तस्रावाबरोबर झोपलेल्या पेशींना पुन्हा निरोप जातो, आणि तीन-चार आठवड्यांत त्या मांसात चुना बसू लागतो.

या दुखण्याला डॉक्टरी भाषेत "मायोसायटिस ऑसिफिकन्स" म्हणतात. नावाचा अर्थ "स्नायूची सूज येऊन हाड होणे" असा आहे. खरे म्हणजे स्नायूचे तंतू स्वतः हाड बनत नाहीत, त्यांच्यामधल्या आणि भोवतालच्या जोडपेशींमध्ये हाड तयार होते. पण नाव जुने आहे, तेच चालत आले. जिथे हाड असू नये अशा कोणत्याही मऊ भागात हाड होणे, या सगळ्या प्रकाराला मिळून "हेटरोटोपिक ऑसिफिकेशन", म्हणजे अस्थानी हाड तयार होणे, असे म्हणतात.

इथे एक खुलासा करायला हवा. चोळलेल्या प्रत्येक कोपरात हाड वाढतेच असे नाही. आणि न चोळताही कधी कधी वाढते. सांधा निखळून हाडही मोडले असेल, बसवायला उशीर झाला असेल, पुन्हा पुन्हा ओढाताण झाली असेल, सोबत डोक्याला मार असेल, तर धोका असतोच. पण यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात नसतात. चोळणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

४. याची किंमत काय?

कोपर आखडणे म्हणजे काय, हे ज्याचे आखडले त्यालाच कळते. हात अर्धवट वाकलेल्या स्थितीत अडकतो. पुढे वाकवायचा तर मधले हाड आडवे येते, सरळ करायचा तर स्नायू सोडत नाही. उजवा हात असेल तर घास तोंडापर्यंत पोचत नाही. तोंड धुणे, केस विंचरणे, सदऱ्याचे वरचे बटण लावणे, सगळे अवघड. कोयता चालवणारा असेल तर त्याचा धंदाच गेला. दुखणे आठ दिवसांचे होते, ते जन्माचे झाले.

मांडीचेही असेच. कबड्डी, कुस्ती खेळणाऱ्या पोरांना मांडीच्या पुढच्या भागावर गुडघा किंवा डोके जोरात लागते. आत रक्त साकळते. तालमीत लगेच चोळले, किंवा "मोकळा कर" म्हणून गुडघा जोराने दुमडला, तर तिथेही हाड वाढते आणि बैठक मारणे बंद होते. पूर्वीच्या काळी युरोपात घोडदळातील स्वारांच्या मांडीच्या आतल्या बाजूला असे हाड सापडे. खोगिराचा मार आणि ताण वर्षानुवर्षे सोसल्याने ते होई. डॉक्टरांनी त्याला "घोडेस्वाराचे हाड" असेच नाव दिले होते.

५. दुसरा धोका : आवळून बांधणे

मुख्य विषय हाड वाढण्याचा असला, तरी त्याच कोपराबाबत आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण हिच्यात तासांचा हिशेब आहे.

कोपराजवळ मार लागला की आत सूज वाढत असते. वरून कामट्या किंवा पट्टी घट्ट आवळली तर सुजेला जागा राहत नाही. आतला दाब वाढतो आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. काही तासांतच हाताचे स्नायू उपासमारीने मरू लागतात. मेलेले स्नायू पुढे आखडतात, बोटे पक्ष्याच्या नखीसारखी वळतात. जर्मन शल्यचिकित्सक रिशार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ साली याचे वर्णन केले, म्हणून त्यांच्याच नावाने हे व्यंग ओळखले जाते.

याची खूण अशी : मूल थांबता थांबत नाही असे रडते, दुखणे पट्टी बांधल्यावर कमी होण्याऐवजी वाढत जाते, बोटे हलकेच सरळ केली तरी किंचाळते. बोटे गार, फिकट किंवा निळसर पडतात, मुंग्या येतात, स्पर्श कळत नाही. यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी ताबडतोब सैल करा आणि रात्र असो की पाऊस, मोठा दवाखाना गाठा. १०८ क्रमांकाला फोन केला तर सरकारी रुग्णवाहिका येते.

६. हाड वाढते आहे हे कसे ओळखावे?

मार लागून आठ-दहा दिवस झाले, सूज उतरायला हवी होती, पण उलट एक घट्ट गोळा हाताला लागतो. जागा गरम लागते, दाबले तर दुखते. हाताची हालचाल सुधारण्याऐवजी दिवसेंदिवस कमी होत जाते. ही पहिली लक्षणे.

सुरुवातीच्या एक्सरेत काही दिसत नाही. म्हणून "फोटोत काही नाही" असे ऐकून पुन्हा चोळायला सुरुवात करणे ही मोठी चूक होते. साधारण तीन-चार आठवड्यांनी एक्सरेत कापसाच्या पुंजक्यासारखी अंधूक छाया दिसू लागते. सोनोग्राफीत त्याच्या आधीही कळू शकते. पुढे ती छाया कडेने आखीव होत जाते. सहा महिने ते वर्षभरात ते पुरते पिकलेले हाड बनते.

हे कडेने पिकणे महत्त्वाचे आहे. हाडाच्या कॅन्सरमध्येही गाठ येते आणि एक्सरेत छाया दिसते. पण मारामुळे वाढलेल्या हाडात कडेचा भाग आधी पक्का होतो, मधला भाग कच्चा राहतो. कॅन्सरमध्ये बहुधा उलटे असते. जाणकार डॉक्टर यावरून फरक ओळखतात. म्हणून घाईघाईने गाठीचा तुकडा काढून तपासायला देण्यापूर्वी हाडांच्या तज्ज्ञाला दाखवावे आणि केव्हा, कसा मार लागला होता ते नीट सांगावे. चोळले असेल तर तेही लपवू नये.

७. हाड वाढलेच तर उपाय काय?

पहिला उपाय, चोळणे आणि ओढाताण त्या क्षणी बंद. हात काही दिवस आधार देऊन स्वस्थ ठेवतात. गरम, दुखरी अवस्था ओसरली की डॉक्टर सांगतील तशी हालचाल सुरू होते. ही हालचाल रुग्णाने स्वतःच्या ताकदीने, दुखणार नाही इतपतच करायची. दुसऱ्याने धरून जोराने वाकवायचे नाही. "हात सरळ होईल" म्हणून मुलाच्या हातात पाण्याची बादली नाहीतर विटा अडकवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती तर मुळीच नको. त्या ओझ्याने स्नायू पुन्हा फाटतो.

लहान मुलांत असे हाड कधी कधी आपोआप बरेचसे विरघळते. मोठ्यांतही पुष्कळांना थोडेफार हाड राहून हालचाल पुरेशी परत येते. फार अडथळा असेल तर शस्त्रक्रिया करून हाड काढता येते. पण त्यासाठी हाड पिकेपर्यंत थांबावे लागते. कच्चे असताना काढले तर ते पुन्हा वाढण्याचा संभव असतो. "आत्ताच्या आत्ता कापून काढा" असा हट्ट धरू नये.

काही वेळा हाड वाढू नये म्हणून आधीच औषध देतात. इंडोमेथासिन नावाचे सूज उतरवणारे औषध यासाठी वापरले जाते. मोठ्या माणसांत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना धोका जास्त, त्यांना किरणोपचाराचा एखादा हलका डोसही देतात. ही औषधे पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधू शकतात, म्हणून ती दुकानातून आणून मनाने घेण्याची नव्हेत.

८. मार नसतानाही

कोपराखेरीज आणखी काही प्रसंगी अस्थानी हाड वाढते. पाठीचा कणा मोडून कमरेखाली लुळेपणा आला, डोक्याला जबर इजा होऊन माणूस बरेच दिवस बेशुद्ध राहिला किंवा मोठे भाजले, तर खुबा, गुडघा, कोपर अशा सांध्यांभोवती हाड वाढू शकते. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागून लुळे पडलेल्या सैनिकांमध्ये हा प्रकार पॅरिसच्या डॉक्टर ऑगस्टा देजरिन-क्लुम्पके आणि त्यांचे सहकारी सेलिए यांनी १९१८ साली नोंदवला. खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पुष्कळांच्या एक्सरेत थोडे हाड दिसते, त्रास मात्र थोड्यांनाच होतो. घरात असा रुग्ण असेल आणि एखादा सांधा अचानक गरम, सुजलेला व ताठ झाला, तर तेल न लावता डॉक्टरांना दाखवा.

९. जन्मतःच असणारा एक विलक्षण आजार

आता या सगळ्याहून वेगळा आणि अत्यंत दुर्मिळ असा एक आजार. दहा-वीस लाखांत एखाद्याला होतो. नाव लांबलचक आहे : फायब्रोडिस्प्लेशिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा. डॉक्टर त्याला एफओपी म्हणतात. यात माणसाचे स्नायू, शिरा आणि सांध्यांचे बंध वर्षानुवर्षे हाडात बदलत जातात. शरीरात जणू दुसरा सांगाडा उभा राहतो.

लंडनचे शल्यचिकित्सक जॉन फ्रीक यांनी १७३६ साली चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत रॉयल सोसायटीला कळवली होती. त्याच्या पाठभर हाडाच्या फांद्या पसरल्या होत्या. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या म्युटर संग्रहालयात हॅरी ईस्टलॅक या माणसाचा सांगाडा आहे. लहानपणी पाय मोडल्यानंतर त्याचा खुबा आणि गुडघा ताठ होऊ लागले. पुढे एकेक सांधा बंद होत गेला, जबडाही मिटला. १९७३ साली वयाची चाळिशी गाठण्याआधी तो वारला, तेव्हा त्याला फक्त ओठ हलवता येत होते. पुढे अभ्यास व्हावा म्हणून त्याने स्वतःचा देह दिला होता. इतर सांगाडे तारांनी बांधून उभे करावे लागतात. त्याचा बराचसा एकसंध हाडाचाच आहे.

२००६ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील फ्रेडरिक कॅप्लन आणि आयलीन शोर यांच्या गटाने याचे मूळ शोधले. एसीव्हीआर१ नावाच्या एका जनुकात फक्त एका अक्षराचा बदल. हे जनुक बीएमपीचा निरोप ऐकणाऱ्या कानाचे काम करते. त्या बदलामुळे तो कान नको तेव्हाही निरोप ऐकतो आणि किरकोळ माराने हाड घडवायला लागतो. म्हणजे युरिस्ट यांनी सशाच्या मांसात जे पाहिले, तेच सूत्र इथेही निघाले.

हा आजार संसर्गाचा नव्हे, कुणाच्या पापाचा नव्हे. बहुतेक वेळा आईबापांना तो नसतो, मुलात नव्यानेच उद्भवतो. बुद्धी शाबूत असते. ओळखण्याची खूण मात्र जन्मापासून समोर असते. पायाचे दोन्ही अंगठे आखूड आणि आतल्या बाजूला, म्हणजे शेजारच्या बोटांकडे, वळलेले असतात. असे अंगठे असलेल्या मुलाला पहिल्या काही वर्षांत मानेवर, पाठीवर दुखऱ्या गाठी येऊ लागल्या, तर तुकडा काढून तपासणे, दंडात-मांडीत इंजेक्शन देणे, चोळणे, शेकणे हे काही करू न देता आधी मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांना अंगठे दाखवावेत. कारण या मुलांना साध्या स्नायूतल्या इंजेक्शननेही तिथे हाड वाढते. रक्ताच्या तपासणीने जनुकाचे निदान होते. पालोव्हॅरोटिन या औषधाला २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. ते नव्या हाडाची वाढ काही प्रमाणात कमी करते, पण आजार मुळापासून घालवत नाही, आणि वाढत्या वयातल्या मुलांची उंची खुंटण्याचा धोका असल्याने फार लहान मुलांना देत नाहीत.

१०. शंका-समाधान

प्रश्न : आमच्या गावातले हाडवैद्य पिढ्यान्‌पिढ्या हाडे बसवतात. कितीतरी माणसे बरी झाली. ते सगळे खोटे का?

उत्तर : खोटे नाही. बरीच हाडे नुसती स्वस्थ ठेवली तरी जुळतात. कामट्या सैल व बेताच्या बांधल्या तर त्या आधारच देतात. अडचण कोपराची आहे. बाहेरून बोट लावून हाड मोडले, सांधा निखळला की नुसतीच लचक, हे कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टरलाही एक्सरे लागतो. हाडवैद्यांनीही कोपराची केस हातात न घेता पुढे पाठवली, तर गावावर त्यांचे उपकारच होतील.

प्रश्न : मग तेल-मालिश वाईटच म्हणायची का?

उत्तर : अजिबात नाही. दिवसभर राबून थकलेल्या अंगाला, वातड झालेल्या पाठीला तेल जिरवावे, पहिलवानाने अंग रगडून घ्यावे. मनाई आहे ती ताज्या माराच्या, सुजलेल्या जागेवर.

प्रश्न : शेकले तर?

उत्तर : पहिले दोन-तीन दिवस शेक नको. उष्णतेने रक्तस्राव आणि सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे धरावा, थोड्या वेळाने पुन्हा धरावा. बर्फ नसेल तर गार पाण्याची घडी ठेवावी.

प्रश्न : हाड वाढते म्हणून दूध, कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात का?

उत्तर : नाही. हे हाड खाण्यातल्या चुन्याने होत नाही, जागेवरच्या इजेने होते. मुलाचे दूध बंद केले तर त्याची चांगली हाडे मात्र कच्ची राहतील.

प्रश्न : प्लॅस्टर काढल्यावर हात ताठ राहतो. तेव्हा तरी चोळावे ना?

उत्तर : तेव्हाही नाही. प्लॅस्टरनंतर थोडा ताठरपणा असतोच. मुलाला त्याच्या मनाने खेळू द्या, कोमट पाण्यात हात हलवू द्या. काही महिन्यांत मुलांचे कोपर आपोआप मोकळे होते. इथे घाई हीच वैरी.

प्रश्न : दवाखान्यात नेले की दोन दिवसांची मजुरी बुडते आणि खर्च होतो, तो वेगळाच. उसतोडीच्या माणसाने काय करावे?

उत्तर : हा प्रश्न खरा आहे. टोळी आज या फडात, उद्या त्या फडात. पोराला घेऊन कुणी बसायचे? म्हणून चोळून, फडके बांधून पुढे निघतात. इथे जबाबदारी आपल्या सभासदांची आहे. ज्याच्या फडात मूल पडले, त्याने आपल्या गाडीवरून त्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पोचवावे. सरकारी दवाखान्यात हे काम फार थोड्या खर्चात होते. एका दिवसाची मजुरी आणि आयुष्यभराचा हात, यांची तुलना होत नाही. ऊस आपला तोडला जात असताना त्या घरातला एक हात निकामी होऊ देणे आपल्याला शोभणारे नाही.

लक्षात ठेवा

१. कोपराला मार लागून सूज आली की चोळू नका, ओढू नका, झटका देऊ नका.

२. हात आहे त्याच स्थितीत उपरण्याची किंवा टॉवेलची झोळी करून गळ्यात अडकवा. बांगड्या, कडे, अंगठी, मनगटावरचा दोरा सूज वाढण्याआधी काढा.

३. आवळून बांधू नका. बोटांचा रंग, ऊब आणि हालचाल पुन्हा पुन्हा पाहा.

४. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून दवाखान्यात दाखवेपर्यंत मुलाला खायला-प्यायला देऊ नका.

५. त्याच दिवशी एक्सरे काढा. पहिल्या फोटोत काही नसले तरी दोन-तीन आठवड्यांत हालचाल सुधारली नाही तर पुन्हा दाखवा.

६. चोळून झाले असेल तर घाबरू नका, लपवू नका. आज बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

७. प्लॅस्टर निघाल्यावर बादली, विटा, जोर-जबरदस्ती नको. मुलाने स्वतः हात हलवावा.

८. तान्ह्या मुलाचे दोन्ही अंगठे जन्मतः आखूड व वाकडे असतील तर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांच्या नजरेस आणा.

हा पाठ वाचून झाला की अंक कपाटात ठेवू नये. आपल्या फडावर जी टोळी आहे, तिच्या मुकादमाला आणि तिथल्या आया-बहिणींना वाचून दाखवावा. वाचता न येणाऱ्याला दोनच गोष्टी सांगाव्यात : सुजलेले कोपर चोळायचे नाही, आणि आवळायचे नाही. बाकी सारे डॉक्टर पाहतील.